देहाची ओल

‘अंगावरून पांढरं जातंय.’ पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या गावांत बाई एवढ्या तीन शब्दांत आपलं दुखणं सांगते आणि गप्प होते. कुणी त्याला धुपणी म्हणतं, कुणी सफेद पाणी. शब्द बदलले तरी गाठोडं एकच राहतं. रोजचा साधा स्राव, महिन्याच्या मधल्या दिवसांतला चिकट धागा, नवऱ्याशी जवळीक होताना येणारी ओल आणि आजाराचा स्राव, अशा चार निरनिराळ्या गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या असतात.

या गोंधळात एक तक्रार उघड बोललीच जात नाही. समागमाच्या वेळी ओल इतकी येते की दोघांनाही स्पर्श नीट कळत नाही. बायकोला वाटतं, आपल्याला रोग जडला. नवऱ्याला वाटतं, हिचं अंग सैल आहे. कधी तर तो तिच्या चारित्र्यावरच शंका घेतो. दोघांचेही तर्क चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे दोघांनाही समजायला हवं.

ओल येते कुठून?

योनीच्या तोंडाशी दोन लहान ग्रंथी असतात. सतराव्या शतकात कॅस्पर बार्थोलिन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव त्या ग्रंथींना मिळालं. ओलावा मुख्यतः या ग्रंथींतून आणि गर्भाशयाच्या मुखातून येतो, असं पुढे फार काळ मानलं जाई. अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षणं केली आणि १९६६ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. ओल येते ती योनीच्या भिंतींतून. उत्तेजना आली की भिंतींमागच्या रक्तवाहिन्या भरतात आणि रक्तातला पातळ द्रव भिंतीतून झिरपून बाहेर येतो. नव्या माठात पाणी भरल्यावर त्याच्या अंगावर जसे थेंब फुटतात, तसंच हे आहे. काही सेकंदांतच त्याला सुरुवात होते.

हा पाझर प्रत्येक बाईत वेगळा, आणि एकाच बाईतही रोज सारखा नसतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत बीज सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढतं आणि गर्भाशयमुखातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांमध्ये ताणला जाणारा स्राव येतो. त्या दिवसांत जवळीक झाली तर दोन्ही ओली एकत्र येतात. मूल राहण्याची शक्यताही याच दिवसांत सर्वांत जास्त असते. गरोदरपणात स्राव वाढतो, काहींना गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबीमुळेही वाढतो. अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर कमी होतो. तरुण निरोगी बाईला दिवसाकाठी एक ते चार मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाही पुरता भरणार नाही इतका स्राव जाणं अगदी नेहमीचं आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत आणि अंगातली ताकदही जात नाही.

हा रोजचा स्राव आंबट असतो, आणि तो आंबट असायलाच हवा. जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली योनीतल्या ज्या जंतूंचं वर्णन केलं, ते दह्याच्या विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद आहेत. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि योनीचा सामू ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात. या आंबटपणात रोगजंतूंना तग धरणं अवघड जातं.

स्पर्श हरवतो तो का?

याचं उत्तर वंगणाच्या शास्त्रात आहे. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ साली बेअरिंगमधल्या घर्षणाचा अभ्यास मांडला. वंगणाचा थर पातळ असतो तेव्हा दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात. थर पुरेसा जाड झाला की ते त्यावर तरंगतात आणि घर्षण झपाट्यानं घटतं. बैलगाडीच्या आसाला हेच हवं असतं. पण त्वचेला स्पर्श कळतो तो तिच्यावरच्या दाबातून आणि ओढीतून. ओलीचा थर जाड झाला की ओढ कमी होते आणि स्पर्श बोथट होतो. त्यातच उत्तेजनेच्या वेळी योनीचा आतला भाग रुंदावतो. अंग सैल पडल्याचा किंवा बाहेरख्यालीपणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट नवऱ्यांनी लक्षात ठेवावी. ओल आली म्हणजे बायकोची इच्छा आहेच असं नाही, आणि ओल नाही म्हणजे प्रेम नाही असंही नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली मांडलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की शरीराची उत्तेजना आणि मनाला जाणवणारी उत्तेजना यांचा मेळ पुरुषांत बराच असतो, स्त्रियांत मात्र खूप कमी. म्हणून इच्छा आहे की नाही हे ओलीवरून ठरवू नये, तोंडानं विचारावं.

उपाय साधे आहेत

पहिला उपाय उशाशी ठेवायचा: धुतलेलं, मऊ, कोरडं सुती कापड. ओल जास्त वाटली की थोडं थांबावं आणि योनीच्या तोंडाशी व शिश्नावर ते हलकेच टिपावं. कापड आत खुपसू नये, घासू नये, आणि पावडर तर मुळीच लावू नये. अंथरुणावर टॉवेल घातला की चादरीची काळजीही मिटते.

दुसरा उपाय बसण्या-निजण्याच्या पद्धतीचा. बाईनं पाय जवळ घेतले किंवा ती कुशीवर वा पालथी निजली, तर पकड आणि दाब वाढतो. वेग कमी केला की स्पर्श जास्त उमगतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली दाखवलं, की योनीच्या तोंडाच्या वर दिसणारा शिश्निकेचा दाणा हा एका मोठ्या अवयवाचा लहानसा भाग आहे. उरलेला अवयव आत पसरलेला असतो. पुष्कळ स्त्रियांचं सुख आत-बाहेरच्या घर्षणापेक्षा या दाण्याच्या स्पर्शावर अवलंबून असतं. तिथे हातानं, सावकाश लक्ष दिलं तर ओलीची अडचण निम्मी उरते.

तिसरा उपाय व्यायामाचा. अमेरिकी डॉक्टर आर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात, ते एरवी दिवसातून काही वेळा आवळायचे, पाचेक सेकंद धरायचे, सोडायचे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये. काही आठवड्यांत पकड सुधारते. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब जात असतील, तर समागमातलं ‘पाणी’ही कधी कधी तेच असतं, त्यावरही हा व्यायाम उपयोगी पडतो. समागमात आधीच दुखत असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

निरोध वापरत असाल तर जादा वंगण लावलेला प्रकार टाळा, आणि तो सरकत असेल तर माप तपासा. ओल जास्त येते म्हणून निरोध मात्र सोडू नका.

कोरडं करण्याचे अघोरी प्रकार

तुरटीचं पाणी, जंतुनाशक, सोडा, लिंबू, ‘घट्ट’ करणाऱ्या क्रीम: यांतलं काहीही आत लावू नये. विरजणाच्या भाऊबंदांचा त्यात बळी जातो आणि आतली नाजूक त्वचा भाजते. कोरड्या घर्षणानं तिला बारीक चिरा पडल्या की रोगजंतूंना वाट मिळते, एचआयव्हीलासुद्धा. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरे. आतली स्वच्छता देह स्वतःच करतो.

पांढऱ्या पाण्याच्या भीतीची सर्वांत मोठी किंमत ऊसतोड करणाऱ्या बायकांनी मोजली आहे. ऊस तोडायला दौंड-शिरूरच्या फडांवर टोळ्या येतात, त्यांत बीडकडच्या बायका असतात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, असं सरकारनं २०१९ साली विधिमंडळात सांगितलं. पांढरं जातं, पोट दुखतं, कॅन्सर होईल, या धास्तीनं पुष्कळींनी तिशीच्या आसपासच ‘पिशवी’ काढून टाकली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि योनी कोरडी पडू लागते. ओलीच्या भीतीनं सुरू झालेली वाट अशी कोरड्या वेदनेपाशी येऊन थांबते.

मग डॉक्टरकडे कधी?

स्रावाला माशासारखा वास येत असेल, तो दह्याच्या गुठळ्यांसारखा असून खाज असेल, पिवळा-हिरवा असेल, समागमानंतर रक्त जात असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा पाळी गेल्यावर रक्ताळ पाणी जात असेल, तर थांबू नका. शिरूर किंवा दौंडचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. एकट्या बायकोनंच गोळ्या खाल्ल्या, तर संसर्ग पुन्हा उलटतो.

तपासणीला पर्याय नाही, हे दोन अभ्यासांनी दाखवलं आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. उलट गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २००५ साली असं पुढे आलं, की पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट आहे. न तपासता ‘रोग आहे’ म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘काही नाही, जा’ म्हणणंही चूक.

शिरूर तालुक्याला तर या कामाचा वारसाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण दिलं तर दवाखाना उंबऱ्यापर्यंत पोचतो, हा त्यांचा विश्वास होता. आज त्या उंबऱ्यावर आशाताई उभी असते.

म्हणून एक विनंती. घरातली, शेजारची कुणी ‘अंगावरून जातंय’ म्हणाली, तर तिला गप्प करू नका आणि घाबरवूही नका. चारच गोष्टी विचारा: रोज जातं की जवळिकीच्या वेळीच, रंग कसा आहे, वास येतो का, खाज किंवा दुखणं आहे का. रंग-वास नेहमीसारखा असेल आणि खाज-दुखणं नसेल, तर ती बहुधा निरोगी देहाची ओल आहे. तिला सुती कापड आणि नवऱ्याचा समजूतदार शब्द पुरे. काही बिघडलेलं असेल, तर तिला दवाखान्यात एकटी पाठवू नका, सोबत जा.