एवढीशी पोर विमान चालवते?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर ऐकत राहा, हात थांबवू नका.

मी 25 वर्षांची आहे. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, घरी कांदा आणि ज्वारी. मी प्रवासी विमान चालवते. एकटी नाही बरं का. विमानात पुढे दोघं बसतात. डाव्या खुर्चीवर कॅप्टन, म्हणजे मुख्य वैमानिक. उजव्या खुर्चीवर सहवैमानिक, त्याला फर्स्ट ऑफिसर म्हणतात. ती उजवी खुर्ची माझी.

रेडिओच्या ताई म्हणाल्या, "तुला बघून लोक काय म्हणतात, ते सांग." ते सांगतेच. पण त्यातून मला एक गोष्ट समजावून सांगायची आहे. ती विमानाची आहे, तशीच ती तुमच्या-माझ्या घराची आणि बचत गटाचीही आहे.

आधी गावाचं ऐका. लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा ओट्यावर बायका जमल्या. एकीने विचारलं, "ढगात रस्ता कसा सापडतो गं?" दुसरी म्हणाली, "वर गार लागत असेल, स्वेटर घालतेस का?" हे प्रश्न मला फार आवडले, कारण ते खरे प्रश्न आहेत. बाहेर खरंच शून्याच्या खाली 50 अंशांच्या आसपास थंडी असते. आत मात्र आपण शर्टावर बसतो. रस्ताही असतो. आकाशात ठरलेले मार्ग आहेत, त्यांना नावं आहेत, आणि जमिनीवरून नियंत्रक आमच्याशी सतत बोलत असतात.

माझी आत्या मात्र म्हणाली, "म्हणजे विमानात चहा देतेस ना?" विमानतळावरही हेच होतं. गणवेश अंगावर, खांद्यावर पट्ट्या, तरी कुणी तरी बॅग पुढे करतं, "ताई, ही वर ठेवता का?" मी ठेवते. त्यात कमीपणा काही नाही. आणि चहा देणाऱ्या त्या मुलींचं खरं काम चहाचं नसतंच. प्रसंग आला तर भरलेलं विमान दीड मिनिटात रिकामं करण्याचं शिक्षण त्यांना दिलेलं असतं. मला खटकतं ते एवढंच, की गणवेशातली बाई दिसली की ती हाताखालचीच असणार, असं आपण धरूनच चालतो.

तिसरा प्रकार वयाचा. एकदा विमानात चढताना एका काकांनी कॉकपिटच्या दारातून मला पाहिलं. हवाईसुंदरीला हळूच विचारलं, "आज दुसरं कुणी मोठं माणूस नाही का?" मला ऐकू आलं. राग आला का? आला. पण नंतर वाटलं, काकांचं चुकलं कुठे? 180 माणसं घेऊन आपण आभाळात जाणार. चालवणारा कोण आहे, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. फक्त त्यांनी उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधलं. ते तिथे नसतं. कुठे असतं, ते सांगते.

व्यावसायिक वैमानिकाचं लायसन आपल्या देशात 18 वर्षं पूर्ण झाल्यावर मिळू शकतं. त्यासाठी किमान 200 तास उड्डाण करावं लागतं. हवामान, दिशा काढण्याचं शास्त्र, नियम, यंत्राची माहिती, रेडिओवरचं बोलणं, या सगळ्यांच्या परीक्षा असतात. डोळे, कान, हृदय तपासतात. एवढं झालं तरी मोठ्या विमानात बसवत नाहीत. ज्या जातीचं विमान चालवायचं, तिचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. त्यासाठी सिम्युलेटर असतो. एका हॉलमध्ये पायांवर उभी केलेली खोली समजा. आतून हुबेहूब कॉकपिट. ती हलते, वाकते. तिथे आम्हाला इंजिन बंद पाडून देतात, धूर करून देतात, वादळ आणून देतात. जमिनीवर हजारदा चुका, म्हणजे आभाळात होणार नाहीत. त्यानंतरही बरीच उड्डाणं शिकवणाऱ्या कॅप्टनसोबतच करायची.

आणि हे एकदा करून संपत नाही. गाडीचं लायसन काढलं की वीस वर्षं कुणी विचारत नाही. आम्हाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. नापास झालो तर घरी. ड्यूटीला गेलं की दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायची. मी फुंकर मारते, माझ्या बापाच्या वयाचे कॅप्टनही मारतात.

म्हणजे वय लहान असलं तरी त्या माणसाला कुणी वाऱ्यावर सोडलेलं नसतं. विश्वास ठेवायचा तो या तपासणीवर.

हे काम बाईला नवीन आहे असंही नाही. 1936 साली लाहोरला सरला ठकराल या 21 वर्षांच्या बाईने एकटीने विमान उडवलं. अंगावर साडी होती आणि घरी चार वर्षांची मुलगी. दुर्बा बॅनर्जी वैमानिकाची नोकरी मागायला गेल्या, तर त्यांना आधी हवाईसुंदरीची नोकरी देऊ केली गेली. त्या वैमानिकच झाल्या. 1985 साली कोलकाता ते सिल्चर असं एक विमान गेलं, त्यात पुढे-मागे सगळ्या बायकाच होत्या. त्या विमानाच्या कॅप्टन होत्या आपल्या मराठी सौदामिनी देशमुख. त्यांच्या शेजारी होत्या निवेदिता भसीन. त्या पुढे 26 व्या वर्षी जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. आज जगात शंभर वैमानिकांत बायका पाच-सहाच्या आसपास आहेत. आपल्या देशात बारा ते पंधरा. इथे आपण जगाच्या पुढे आहोत, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

27 मार्च 1977. स्पेन देशाचं टेनेरीफ नावाचं बेट. धुकं दाटलेलं. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं होती. एक उड्डाणाच्या तयारीत, दुसरं अजून धावपट्टीवरून बाजूला व्हायचं होतं. पहिल्या विमानाचा कॅप्टन फार अनुभवी, इतरांना शिकवणारा, कंपनीत मोठं नाव. परवानगी मिळाली नव्हती, तरी त्याने विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानं आदळली. 583 माणसं गेली.

शंका बरोबर होती. बोलूनही दाखवली होती. पण मोठ्या माणसाने उडवून लावली आणि लहान माणूस पुन्हा बोलला नाही.

या आणि अशा अपघातांनंतर जगभर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा धडा आला. हाताखालच्याने बोलायचं कसं आणि वरच्याने ऐकायचं कसं, याचा तो धडा. आज आम्हाला तो यंत्राइतकाच पक्का शिकवतात. कॅप्टनलाही शिकवतात. त्यातला एक नियम असा, की विमान उतरताना काही बिनसलं असं वाटलं, तर दोघांपैकी कुणीही "गो अराउंड" म्हणायचं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. हे शब्द कुणी उच्चारले की वाद घालायचा नाही. आधी वर जायचं, चर्चा मागाहून.

मागच्या वर्षी ही वेळ माझ्यावर आली. विमान कॅप्टन उतरवत होते, मी आकडे बघत होते. एकाच्या हातात विमान, दुसऱ्याची नजर आकड्यांवर, अशीच कामाची वाटणी असते. जमिनीपासून हजार फुटांवर आलो की वेग, उंची, चाकं, सगळं ठरलेल्या मापात हवं. त्या दिवशी पाठीमागून वारा होता आणि वेग उतरत नव्हता. माझं जेवढं वय, तेवढी वर्षं ते कॅप्टन विमान चालवत होते. माझ्या घशाला कोरड पडली. मनात आलं, त्यांना दिसत नसेल का? त्यांना माहीत असेलच की. आपण कोण सांगणारे?

मैत्रिणींनो, हा विचार तुमच्या ओळखीचा आहे ना? सासरी नवीन असताना, ग्रामसभेत, बँकेत. "त्यांना माहीत असेलच, आपण कोण?"

मी म्हणाले, "गो अराउंड." त्यांनी त्याच क्षणी इंजिनाचा जोर वाढवला आणि विमान वर नेलं. एक शब्द बोलले नाहीत. पंधरा मिनिटांनी आम्ही नीट उतरलो.

प्रवासी उतरत होते तेव्हा मी दाराशी उभी होते. एक गृहस्थ मला बघून सोबतच्या माणसाला म्हणाले, "पोरगी चालवत होती, म्हणून एका दमात उतरलं नाही." त्यांना वाटलं, पुन्हा वर गेलो ही चूक झाली. खरं तर पुन्हा वर जाणं हेच त्या दिवशीचं बरोबर काम होतं. लाजेखातर विमान तसंच उतरवणं, ते धोक्याचं. मला दारात उभं राहून हे समजावता आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी टोपीखाली लपवलं.

परतताना गाडीत कॅप्टन म्हणाले, "वेग आता उतरेल, आता उतरेल, असं मला वाटत होतं. तू बोललीस ते बरं झालं. पुढेही अशीच बोल." मी म्हणाले, "हो सर." मला वाटतं, त्या दिवशी मी खरी वैमानिक झाले.

हे मी घरी आईला सांगितलं. माझी आई गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. पुढच्या बैठकीत तिने नवी रीत काढली. आता गटात सर्वांत नवीन बाई आधी बोलते आणि अध्यक्ष सगळ्यात शेवटी. कारण अध्यक्ष आधी बोलली की बाकीच्या नुसत्या माना हलवतात. दोन महिन्यांतच एक नवी सून म्हणाली, "वहीतली बाकी आणि पासबुकातली बाकी जुळत नाही, 600 रुपयांचा फरक येतोय." पाहिलं, तर एक हप्ता दोनदा लिहिला गेला होता. चोरी नव्हती, चूक होती. ती पोर गप्प बसली असती तर पुढे भांडण झालं असतं, आणि संशय भलत्याच बाईवर गेला असता.

थोडं पैशांचंही सांगते, कारण हे शिक्षण फार महाग आहे. पन्नास लाखांच्या आसपास जातात, काही वेळा त्याहून जास्त. आम्ही कर्ज काढलं, जमीन तारण ठेवली. लोक म्हणाले, "एवढ्यात चार लग्नं झाली असती." लायसन मिळाल्यावरही वर्षभर नोकरी नव्हती आणि हप्ते चालू होते. अण्णा रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचे. म्हणून कुणाच्या मुलीने हे स्वप्न पाहिलं तर तिला हसू नका, पण डोळे मिटून पैसेही भरू नका. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊ द्या. फी भरण्याआधी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा असला म्हणून लगेच नाही होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर अडचण येते. ते आधी कळलेलं बरं. शाळेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते बघा. आपल्याकडे गोंदियाला, बारामतीला अशा शाळा आहेत. जाऊन विचारा, मागच्या दोन वर्षांत किती मुलांचं शिक्षण वेळेत पूर्ण झालं. नोकरीची हमी देणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आणि कुठलीही लहान पोर, मग ती विमान चालवो, ट्रॅक्टर चालवो की गटाची वही लिहो, "इथे काही तरी चुकतंय" असं म्हणाली, तर तिचं वय विचारू नका. आधी थांबा आणि बघा. ती चुकली असेल तर पाच मिनिटं गेली, एवढंच.

येत्या बैठकीत तुमच्या गटातल्या सर्वांत नवीन बाईला पहिल्यांदा बोलू द्या. ती लाजेल, पदर सावरेल, "मी काय सांगू" म्हणेल. थोडा वेळ द्या तिला.