अर्धशक्तीची सीमा : वाढता व्यायाम आणि देहाचा प्रतिसाद

व्यायामाची मात्रा ठरविणे हे औषधाची मात्रा ठरविण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. कांदिवली परिसरात याची दोन टोके जवळजवळच दिसतात. पूर्वेकडील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात खेळाडू प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सराव वाढवितात. उलट ठाकूर व्हिलेज वा चारकोपच्या व्यायामशाळेत, दिवसभर बसून काम करणारा आणि लोकलच्या गर्दीतून परतलेला चाळिशीचा गृहस्थ पहिल्याच आठवड्यात तशी मजल मारू पाहतो. असा रुग्ण चिकित्सालयात ‘किती व्यायाम करू?’ असे विचारतो, तेव्हा ‘झेपेल तितका’ हे उत्तर पुरेसे नाही.

देहात काय घडते?

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. निरोगी तरुणात तीव्र श्रमाच्या वेळी हे प्रमाण सुमारे 20 लिटरपर्यंत जाते. आरंभी प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त व ठोक्यांची गती ही दोन्ही वाढतात. अप्रशिक्षित व्यक्तीत मात्र कमाल क्षमतेच्या साधारण निम्म्यावर पहिली वाढ थांबू लागते. त्यापुढचा भार मुख्यतः नाडीच्या गतीवर पडतो. याच सुमारास, म्हणजे क्षमतेच्या 50 ते 60 टक्क्यांवर, रक्तातील लॅक्टेट साचू लागते आणि श्वासाचा वेग एकाएकी वाढतो. केवळ नाकाने घेतलेला श्वास अपुरा पडून तोंड उघडते.

बलार्धाचे लक्षण

हृदयस्थ वायू मुखाशी येणे हे सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण सांगितले आहे. कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही लक्षणेही परंपरेने मानली आहेत. आधुनिक मापनाशी त्यांची तंतोतंत बरोबरी मांडणे योग्य नव्हे. परंतु निरीक्षणाची दिशा एकच आहे.

व्यवहारात यांपैकी श्वासाचे लक्षण अधिक भरवशाचे. मुंबईच्या दमट हवेत थोड्याशा चालण्यानेही अंग निथळते. पण घाम न वाळल्याने देह थंड होत नाही. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून रुग्णास सांगावे : चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. नाक चोंदलेल्या व्यक्तीलाही ही खूण उपयोगी पडते.

ही सीमा स्थिर नसते. नियमित अभ्यासाने ती वर सरकते. जागरण, ज्वर, उपवास यांनी खाली येते. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींस, शीतकाळी व वसंतात सांगितला आहे; इतर ऋतूंत त्याहून सौम्य. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते, हे या दृष्टीने उचितच आहे. मात्र 42.195 किलोमीटर धावणे ही अर्धशक्ती नव्हे. त्यासाठी अनेक महिन्यांची पूर्वतयारी हवी.

अतियोग आणि आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी अतिव्यायामापासून श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी हे विकार सांगितले. आज त्यांत आणखी भर घालावी लागेल. अनभ्यस्त तीव्र व्यायामानंतर स्नायूंत असह्य वेदना व काळपट लघवी दिसल्यास स्नायुपेशींचा नाश होऊन वृक्कांना धोका संभवतो. श्रमात छातीत दाब, भोवळ वा मूर्च्छा आल्यास केवळ बल्य कल्प देऊन रुग्णाला परत पाठवू नये. त्यास तत्काळ हृदयतपासणीसाठी रुग्णालयात धाडावे. मधुमेह, उच्च रक्तदाब वा कुटुंबात अकाली हृद्रोगाचा इतिहास असेल, तर तीव्र व्यायामापूर्वीच तपासणी करावी.

औषधविक्रेत्या बंधूंचीही यात भूमिका आहे. ‘ताकदीचे काहीतरी द्या’ अशी मागणी आल्यास वय, विकार व चालू औषधे विचारावीत. घटकद्रव्ये व उत्पादन परवाना क्रमांक नसलेली चूर्णे ठेवू नयेत. स्पर्धक खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास, ते कोठून आले याची पर्वा न करता, जबाबदारी प्रथम त्याच्यावरच येते. आपल्या हातून गेलेली एक संशयास्पद डबी त्याची अनेक वर्षांची साधना वाया घालवू शकते.

अश्वगंधादी द्रव्ये बल वाढविण्यास साहाय्य करतील. परंतु बलाची सीमा ओळखून देणे हे वैद्याचेच काम आहे. प्रत्येक व्यायामेच्छू रुग्णाच्या चिकित्सापत्रावर औषधाबरोबर व्यायामाचा प्रकार, काळ आणि थांबण्याचे लक्षणही लिहावे.