नवजातांच्या परिचारिकेची डॉक्टरेट

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील माणसे यंत्रमागाच्या आणि कापडबाजाराच्या कामासाठी येथे आली व येथेच स्थिरावली. घरांतून अद्याप अहिराणी बोलली जाते, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून मुले शिकतात. अशा घरातील एखादी मुलगी "मी नर्स होणार" असे म्हणाली, की वडीलधारी मंडळी विचारतात, "होशील, पण पुढे काय?" या विद्येत पदवीच्या पुढेही वाट आहे, आणि ती थेट डॉक्टरेटपर्यंत जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ही वाट इतकी लांब का, हे समजण्यासाठी अकाली जन्मलेल्या बालकाकडे पाहिले पाहिजे. एक किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सारे मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा लहान पेलाही भरणार नाही. तपासणीसाठी वारंवार रक्त घेतले, तर तेवढ्यानेही त्याला पांडुरोग जडू शकतो. त्याच्या फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते मिटू पाहतात. मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ साली हे कारण दाखवून दिले. प्राणवायू कमी पडला तर मेंदूस इजा होते, आणि अधिक झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडून अंधत्व येऊ शकते. येथे चूक व अचूक यांत फार थोडे अंतर असते. डॉक्टर प्रत्येक पेटीपाशी रात्रभर उभे राहू शकत नाहीत. बालकाचा रंग बदलला, श्वास अडखळला, तर ते प्रथम परिचारिकेच्याच ध्यानात येते. मग तिला केवळ निरोप धाडण्याचा अधिकार असावा, की उपचार आरंभण्याचाही?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेने दिले. १९६० साली येल येथे लुई ग्लुक यांनी नवजातांचा आधुनिक अतिदक्षता कक्ष उभारला. १९६५ साली परिचारिका लोरेटा फोर्ड व बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'नर्स प्रॅक्टिशनर' घडविणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णास तपासणे, निदान करणे व उपचार ठरविणे ही कामे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेकडे आली. पुढे नवजात विभागातही ही पद्धत रुजली. अशी परिचारिका प्रसूतीच्या वेळी हजर राहते, न रडणाऱ्या बालकास श्वास देते, श्वासनलिकेत नळी घालते, नाळेच्या रक्तवाहिनीतून औषध पोहोचविते आणि नवजाततज्ज्ञ डॉक्टरांच्या सहकार्याने उपचारांची आखणी करते.

२००४ साली तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने अशा कामासाठी 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस' ही पदवी असावी, अशी शिफारस केली. ती कायद्याने सक्तीची झाली नाही. पदव्युत्तर शिक्षण घेऊनही हे काम करता येते. पदवीधर परिचारिकेस ही डॉक्टरेट मिळविण्यास साधारणतः तीन ते चार वर्षे लागतात. शरीरक्रिया व विकृती, औषधशास्त्र आणि रुग्णपरीक्षा हा तिचा पाया. नवजात कक्षातील दोन वर्षांचा अनुभव आधी असावा अशी अपेक्षा असते. देखरेखीखाली नवजातांची चिकित्सा आणि डॉक्टरेटसाठी एकूण १,००० तासांचा प्रत्यक्ष अभ्यास करावा लागतो. शेवटी रुग्णालयातील एखादी उणीव हेरून ती दूर करण्याचा प्रकल्प पार पाडावयाचा असतो. पीएच.डी. नवे ज्ञान शोधते. ही पदवी सापडलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचविते. दोहोंतील हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतातील वाट निराळी आहे. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग करता येते. ती करून राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, की नवजात परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते. दोन वर्षांच्या एम.एस्सी.मध्ये बालआरोग्य परिचर्या हा विषय निवडता येतो, आणि त्यानंतर पीएच.डी. करता येते. परंतु ही पीएच.डी. मुख्यतः अध्यापन व संशोधनाकडे नेते. अतिदक्षता परिचर्येतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना मांडली. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि, जिने पंधरा वर्षे नवजातांच्या कक्षात काढली, तिला बढती हवी असेल तर बहुधा खाट सोडून वर्गाकडे किंवा कचेरीकडे जावे लागते. तिचा हात जेव्हा सर्वांत कसलेला असतो, तेव्हाच तो बालकापासून दूर जातो. खरी हानी ती हीच.

ही हानी लहान नव्हे. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत हा आकडा दहाच्या आत आणण्याचे ठरविले आहे.

पदवी हेच सर्वस्व, असा मात्र याचा अर्थ नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरोघर जाऊन नवजातांची काळजी घेण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांच्या एका अभ्यासात, कमी वजनाच्या बालकास जन्मतःच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे २०२१ साली दिसून आले. यास महागडे यंत्र लागत नाही. आईस धीराने व तिला कळेल अशा भाषेत समजावणारे कोणी तरी लागते. आशा कार्यकर्ती, कक्षातील परिचारिका आणि डॉक्टरेट घेतलेली तज्ज्ञ या एकाच साखळीच्या कड्या आहेत.

लिंबायतच्या मुलीस या साखळीत शिरण्यासाठी दूर जावयास नको. महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय वस्तीपासून जवळ आहे, आणि सुरतेतच शासकीय परिचर्या महाविद्यालयही आहे. विज्ञान व इंग्रजी यांची तयारी शाळेतच पक्की झाली पाहिजे. मराठी माध्यम हा त्यात अडसर नाही. उलट, गुजराती डॉक्टरांचे म्हणणे खानदेशी मातेस तिच्या अहिराणीत समजावून सांगू शकणारी परिचारिका त्या कक्षास मोलाचीच ठरेल. तेव्हा "पुढे काय?" या प्रश्नास, "पुढे पुष्कळ आहे" असे उत्तर घरच्यांनी निःशंकपणे द्यावे, आणि शिकून आलेल्या मुलीस खाटेपाशीच मोठे होता येईल, अशी सोय समाजाने व शासनाने करावी.