वैशाखऱ्याहून नाणेघाटी
युरोपातील खेड्यापाड्यांतून मध्ययुगीन चर्चे व मठ पाहत हिंडणाऱ्या प्रवाशाला तेथील भित्तिचित्रे जी धर्मकथा रंगांनी सांगतात, तिच्या तोडीची कथा सांगणारी भिंत ठाणे जिल्ह्याच्या सीमेवरही आहे; मात्र तिच्यावर रंग नाहीत, अक्षरे आहेत. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या सडकेवर मुरबाड व टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे उजव्या हाताला वळले, म्हणजे नानाचा अंगठा नावाच्या कड्याच्या रोखाने चढत जाणारी जी पाषाणबद्ध वाट लागते, ती सोपारा-कल्याणच्या बंदरांतील माल जुन्नरमार्गे सातवाहनांच्या पैठणापर्यंत पोहोचविणारी, दोन हजार वर्षांची नाणेघाटाची वाट होय.

घाटमाथ्यानजीक, मुरबाडची हद्द संपून जुन्नरची लागते तेथे, एक चौरस लेणे आहे. भिक्षूंचे हे विहारस्थान नव्हे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिने येथे ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरविलेला, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा लेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पसरलेला असून, धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून तो राजघराण्याच्या यज्ञांची व दक्षिणांची जंत्री देतो: एका ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. ही जंत्री कोणत्याही सरकारी दप्तराइतकी काटेकोर आहे, आणि तिच्यातील अंकचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासातील आरंभीच्या पुराव्यांत मोडतात. १८२८ साली विल्यम साइक्सने या लेण्याकडे लक्ष वेधले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातील अंकांचा अभ्यास केला, आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलरचे वाचन प्रसिद्ध झाले.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज उरली आहेत ती केवळ पावलांची चिन्हे व माथ्यावरील नावे. तरीही कोणाचे कोठे स्थान होते हे नावांवरून उमगते, आणि अभंग मूर्तींपेक्षा ही रिकामी जागाच मनाला अधिक वेळ खिळवून ठेवते, असे मला वाटते. बाहेर पाण्याची टाकी आहेत आणि जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे लोक सांगतात तो दगडी रांजणही आहे.

ज्यांना आणखी लेणी पाहावयाची असतील त्यांनी मुरबाड तालुक्यातच सोनावळ्याजवळ, रानात दडलेल्या गणेश गडदेची वाट धरावी. भिंतीवरचा रंगच पाहावयाचा असेल, तर तो या मुलखातील वारली पाड्यांवर भेटतो: लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवी रेखतात.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात. म्हणून आश्विनानंतर, थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे वैशाखऱ्याहून निघावे. ब्यूलरच्या वाचनाची एक प्रत जवळ असावी, आणि अक्षरे आधीच झिजलेली असल्यामुळे त्यांवर हात अथवा खडू न फिरविता ती डोळ्यांनीच वाचावीत.