वर्ग एकीकडे, पेढी दुसरीकडे

जालन्यात हिशोब शिकायला कॉलेज कधीच लागले नाही. मोंढ्यातल्या आडतीवर चार हंगाम काढलेला पोरगा उचल, व्याज, हमाली, तोलाई, बाजार फी आणि खरेदीदाराची उधारी एका दमात मांडून दाखवतो. त्याच वयाचा बी.कॉम.चा विद्यार्थी हेच सारे तीन वर्षांत, वेगवेगळ्या पेपरांत, तुकड्यातुकड्याने शिकतो. गंमत अशी की बऱ्याचदा ही दोन माणसे नसतातच. सकाळी वर्गात बसणारा मुलगा दुपारी दुकानात बसलेला असतो. पण त्याच्या गुणपत्रिकेला दुपारची खबर नसते आणि त्याच्या मालकाला सकाळच्या अभ्यासाचे सोयरसुतक नसते. जालन्यातल्या वाणिज्य शिक्षणाचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा प्रवास म्हणजे या दोन वाटांमधल्या अंतराचा प्रवास. हे अंतर जेव्हा जेव्हा कमी झाले, तेव्हा ते विद्यापीठाने केले नाही, कायद्याने केले.

निजामाच्या काळात तर व्यापाऱ्याला दोन रुपये सांभाळावे लागत. हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया वेगळा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार वेगळा. साधारण सात हालींना सहा कलदार असा दर. कापूस संस्थानाबाहेर वऱ्हाडात किंवा मुंबईला धाडायचा, तर भावाबरोबर हुंडणावळीचेही गणित आले. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आल्यावर हा व्यवहार आणखी वाढला. कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद पेढीवरच्या मुनिमाकडून शिकायचे, हाच अभ्यासक्रम आणि हीच परीक्षा. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झाले होते, पण मराठवाड्याच्या मुलाला ते फार दूर. याच सिडनहॅममध्ये १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते आणि १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जालन्याच्या आजच्या पदवी प्रमाणपत्रावर त्यांचेच नाव असते, हा योगायोग वित्त शिकणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट १९५८मध्ये, मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. त्याच वर्षी जालना एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले. लोक त्याला सरळ 'जेईएस' म्हणतात, पण पूर्ण नावात प्रत्येक शाखेला वेगळे नाव आहे. कला शाखेला बगडियांचे नाव, वाणिज्य शाखेला लाखोटियांचे आणि विज्ञान शाखेला बेझोनजींचे.

कॉलेज निघाले, तरी पहिली कित्येक वर्षे पदवी ही पेढीसाठी नव्हतीच. ती होती पेढीतून सुटण्यासाठी. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, खेडोपाडी शाखा निघू लागल्या आणि बी.कॉम.चा अर्थ 'बँकेत लागणे' असा झाला. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादचा दबदबा होता. १९७६नंतर ग्रामीण बँकही आली. बँकेत लागलेला मुलगा पेढीवरच्या मुलापेक्षा वरचा ठरला आणि व्यापाऱ्याच्या घरातही पदवी ही लग्नाच्या बाजारात चालणारी गोष्ट झाली. दुकानात मात्र मुनीमच राहिला.

यादरम्यान गावाचा धंदा बदलत होता. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. मोंढ्यात माल आला, तुलला, विकला की हिशोब मिटतो. बियाण्यात तसे नाही. शेतकऱ्याशी करार, त्याला दिलेले मूळ बियाणे, प्रयोगशाळेत उगवण पास झाल्यावरचे पेमेंट, विक्रेत्यांचे आगाऊ बुकिंग आणि हंगाम सरल्यावर परत येणारी न खपलेली पाकिटे. त्यातच शेतात तयार झालेल्या या मालाचे उत्पन्न शेतीचे धरायचे की धंद्याचे, हा प्राप्तिकरातला जुना वादाचा मुद्दा. वित्ताच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सरस प्रकरण कुठे मिळेल? पण वर्गात उदाहरण यायचे ते पुस्तकातल्या 'अ, ब आणि क' या तीन भागीदारांचे.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कारकुनीच्या जागा आल्या. त्याहून मोठा बदल मात्र १९८९ साली आला आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. तोवर व्यापारी आपल्या सोयीचे हिशोबी वर्ष धरू शकत होता. बहुतेकांचे वर्ष दिवाळीचे असे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा आणि पाडव्याला नवे खाते. १ एप्रिल १९८९पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. वह्यांची पूजा दिवाळीतच राहिली, ताळेबंद मार्चमध्ये गेला. मुनिमाला येत नव्हते आणि पदवीधराला येत होते असे पहिले काहीतरी त्या वर्षी जालन्याच्या दुकानात शिरले.

मग लोखंड आले. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेस आणि सळई काढणाऱ्या रोलिंग मिल यांनी एमआयडीसी भरून गेली. १९९७ साली केंद्राने या गिरण्यांवर अबकारी कर लावण्याची पद्धतच बदलली. माल किती निघाला यावर नाही, तर गिरणीची वार्षिक उत्पादनक्षमता किती यावर कर. मागणी मंदावली, वीज गेली, गिरणी बंद राहिली, तरी आकडा डोक्यावर. २०००च्या मार्चअखेर ही पद्धत गेली, पण या अडीच-तीन वर्षांत स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक जालन्याच्या कारखानदाराला जसा कळला तसा तो कुठल्याच कॉस्टिंगच्या पुस्तकातून कळला नसता. फर्नेसवाल्याचे विजेचे बिल तर आजही कॉस्टिंगच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा मागून घ्यावा असा कागद आहे.

१ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला आणि त्याच वर्षी व्हॅटचा हिशोब ठेवणारी टॅली बाजारात आली. टॅलीची जन्मकथा इथे सांगण्याजोगी आहे. यंत्रांचे सुटे भाग आणि कच्चा माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला बसेल असे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते बनवायला सांगितले. १९८६ सालची ही गोष्ट. म्हणजे देशभरच्या दुकानांचा हिशोब बदलणारे हत्यार कॉमर्सच्या वर्गात नव्हे, व्यापाऱ्याच्या गरजेतून जन्मले. जालन्यातही टॅली वर्गात नाही, बाहेरच्या क्लासमध्ये शिकली गेली. सकाळी कॉलेज, दुपारी टॅली, जोडीला एमएस-सीआयटी. पदवी भिंतीवर टांगायला आणि टॅली नोकरीला, अशी वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

२०१२-१३च्या दुष्काळाने या वाटणीला खेड्याकडून तडा दिला. घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर आले, मोसंबीच्या बागा वाळल्या. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडची मुले एसटीच्या पासावर जालन्याला येत. त्यांच्या घरात फीपेक्षा डिझेलचा खर्च आधी होता. दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी सरकार माफ करते, पण खोली, मेस आणि क्लास कोण माफ करणार? याच सुमारास, २०११पासून, आयबीपीएसने बँकांची सामाईक परीक्षा सुरू केली. बँकेची वाट पदवीच्या टक्क्यांवरून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेकडे वळली. बी.कॉम. आता बँकेसाठीही पुरेसे राहिले नाही. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली आणि मराठवाड्याच्या कॉमर्सवाल्यांच्या एका पिढीचे स्वप्न पाटीवरूनही पुसले गेले.

त्याआधी ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली होती आणि त्यानंतर १ जुलै २०१७ला जीएसटी आला. आठ महिन्यांत दोन धक्के. या वेळी मुनीम आणि पदवीधर दोघेही एकाच ओळीत उभे राहिले, कारण कुणालाच काही येत नव्हते. एचएसएन कोड, इनपुट क्रेडिट, ई-वे बिल आणि पुढे ई-इनव्हॉइस. ही ई-इनव्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर २०२०ला ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवर आली. पायरीपायरीने खाली येत ती मध्यम व्यापाऱ्याच्या गल्ल्यापर्यंत पोहोचली. सळईच्या ट्रकबरोबर निघालेल्या कागदात एक आकडा चुकला की ट्रक वाटेत अडतो, हे ज्ञान विद्यार्थ्याला वर्गात मिळाले नाही. पण ते ज्याला होते, त्याचा पगार वाढला.

वर्ग आणि कारखाना जोडण्याचे उदाहरणही गावातच उभे राहिले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जालन्यात आपले केंद्र सुरू केले आणि तिथे उद्योगातले प्रशिक्षण अभ्यासक्रमातच गुंफले. अभियंत्याला कारखाना पाहिल्याशिवाय पदवी नाही आणि हिशोबनीसाला कारखान्याचे दार न पाहताही पदवी, असे चित्र एकाच गावात दिसू लागले.

वर्गातल्या पुस्तकी विषयांना गावाने अचानक जिवंत केल्याचेही प्रसंग आले. डिसेंबर २०२१मध्ये सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि वायदेबाजाराचा धडा मोंढ्यातल्या चर्चेचा विषय झाला. मोसंबीचा बहार झाडावर असतानाच उक्ता विकणारा अंबडचा बागायतदार भावाची जोखीम कुणावर टाकतो, हा त्याच धड्यातला प्रश्न. ऑगस्ट २०२२मध्ये प्राप्तिकर खात्याने जालन्यातल्या काही पोलाद उद्योगांवर छापे घातले. लग्नाची स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आलेले अधिकारी देशभरच्या बातम्यांत झळकले. त्या बातमीत मजा पाहणारे पुष्कळ होते. कॉमर्सच्या मुलासाठी तिच्यात ऑडिटचा प्रश्न होता: जमाखर्च लिहिणाऱ्याची जबाबदारी मालकाच्या तोंडी हुकुमापर्यंत, की कागदाच्या खरेपणापर्यंत?

आता पहिल्यांदाच अभ्यासक्रम स्वतः पेढीकडे निघाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाली. तिसऱ्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'ओजेटी'ला, ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. २०२४ सालीच राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला महिना ६ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरले. कामाला पगार आणि कामाला गुण, दोन्ही एका वर्षात सरकारदरबारी मान्य झाले.

धोका उघड आहे. ओळखीच्या दुकानाचा शिक्का, कॉपी केलेला अहवाल आणि ४ क्रेडिट जमा. जालन्यात शिक्का मिळवणे अवघड नाही, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी मामा मोंढ्यात असतोच. यावर उपाय अहवालाची पाने वाढवून होणार नाही. तारखा बांधून होईल. रोज ४ तास धरले तर १२० तासांचे ३० दिवस होतात. हे दिवस सुट्टीत कुठेही न घालता ते १ तारखेला सुरू करावेत. म्हणजे ७ तारखेचा टीडीएस भरणा, ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी, तिन्ही कामे एकाच विद्यार्थ्याच्या हातून जातील. शेवटी कॉलेजने त्याला अहवाल मागू नये. कीर्दीतली नोंद, बिल आणि विवरणपत्र समोर ठेवून ती एकमेकांशी जुळवून दाखवायला सांगावे. जुळवता आले तर गुण, नाही तर पुन्हा पुढचा महिना.

आणि जो मुलगा आधीपासूनच दुपारी आडतीवर बसतो, त्याला नवीन जागा शोधायला लावू नये. त्याचीच दुपार मोजावी. इतकी वर्षे तो शिकतच होता. फक्त त्याची हजेरी कुणी घेत नव्हते.