उत्कलनबिंदूचे मापन व गुळाची काहील

गुळाची प्रत पुष्कळ अंशी काहील उतरविण्याच्या वेळेवर अवलंबून असते. काहील लवकर उतरविल्यास गूळ मऊ राहतो व पावसाळ्यात पाघळतो. उशीर झाल्यास पाक करपून गुळास काळसर रंग येतो व भाव उतरतो. ही वेळ ठरविण्याच्या कामी प्रयोगशाळेतील उत्कलनबिंदूच्या मापनाची रीत उपयोगी पडते.

द्रवाच्या बाष्पाचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला म्हणजे द्रव उकळू लागतो. त्या वेळचे तापमान हा त्याचा उत्कलनबिंदू होय. समुद्रसपाटीवर शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे दर ३०० मीटरमागे हा बिंदू सुमारे १ अंशाने खाली येतो. कोल्हापुरास पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, ते यामुळेच.

प्रयोगशाळेत शुद्ध द्रवाचा उत्कलनबिंदू काढताना द्रव काचेच्या चंबूत घेतात. तो उसळू नये म्हणून त्यात चिनी मातीचे लहान तुकडे टाकतात. उष्णतामापकाचा फुगा द्रवात न बुडविता वर येणाऱ्या वाफेत ठेवतात. तापमान स्थिर झाले म्हणजे ते टिपून घेतात व त्यासोबत हवेचा दाबही नोंदवितात. स्पिरिटसारखे ज्वालाग्राही द्रव मात्र उघड्या ज्योतीवर कधीही तापवीत नाहीत.

शुद्ध द्रव उकळत असता जाळ वाढविला तरी तापमान वाढत नाही. उसाच्या रसाचे तसे नाही. त्यातील पाणी उडून साखरेचे प्रमाण वाढते, तसतसा उत्कलनबिंदू चढत जातो. म्हणजे तापमान हेच पाकाच्या दाटपणाचे माप ठरते. काकवीसाठी साधारणतः १०५ ते १०६ अंश व ढेपेच्या गुळासाठी ११६ ते ११८ अंश तापमान योग्य मानतात. प्रारंभी तापमान सावकाश चढते. शेवटी मात्र ते झपाट्याने वाढते. यास्तव अखेरीस जाळ मंद ठेवून नजर काट्यावर ठेवावी.

मापन करताना पुढील दक्षता घ्यावी :

१. काचेचा पाऱ्याचा उष्णतामापक काहिलीत वापरू नये. तो फुटल्यास विषारी पारा पाकात मिसळेल. धातूची दांडी असलेला, २०० अंशांपर्यंतचा तबकडीचा उष्णतामापक वापरावा. ताप पाहण्याचा उष्णतामापक या कामी निरुपयोगी आहे.

२. दांडीचे टोक वाफेत न ठेवता पाकात बुडवावे. ते काहिलीच्या तळास टेकू देऊ नये.

३. हंगामाच्या आरंभी त्याच उष्णतामापकाने उकळत्या पाण्याचे तापमान पाहावे. ते ९८ भरल्यास वरील आकड्यांतून २ वजा करावेत. अशा रीतीने स्थानाच्या उंचीचा फरक आणि उपकरणातील लहानसहान चूक ही दोन्ही एकदम दुरुस्त होतात.

अनुभवी गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी बांधते की नाही हे पाहतो. ही परीक्षा सोडून देण्याचे कारण नाही. गोळी जमली त्या वेळचे तापमान प्रत्येक काहिलीस वहीत लिहून ठेवावे. थोड्याच दिवसांत त्या गुऱ्हाळाचा स्वतःचा आकडा हाती येईल, आणि गुळव्या बदलला तरी गुळाची प्रत टिकून राहील.