आधी कुठलं धरण रिकामं करायचं?

आधी एक कोडं सोडवा. जिन्याच्या तीन पायऱ्यांवर तीन माठ ठेवलेत, तिन्ही काठोकाठ भरलेले. वरच्या माठाची तोटी उघडली की पाणी मधल्या माठात पडतं, मधल्याची उघडली की खालच्यात. घरातल्या सगळ्यांनी प्यायचं मात्र फक्त खालच्या माठातून. पुढचा पाऊस आठ महिन्यांनी. तर आधी कुठला माठ रिकामा होऊ द्याल?

बहुतेक जण म्हणतील, वरचा! थांबा जरा. आधी खरे माठ बघून येऊ.

त्यासाठी जायचं पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळला. जिल्ह्यातलं हे सगळ्यात उंच ठिकाण. या डोंगरांच्या दक्षिणेला खोल दरीतून वैतरणा नदी वाहते. ती निघते त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत, गोदावरीच्या अगदी शेजारी. पण गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. वाटेत वैतरणेवर तीन मोठी धरणं लागतात. सगळ्यात वर इगतपुरीकडे अप्पर वैतरणा (१९७३), मध्ये मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा (२०१४) आणि त्याखाली मोडकसागर (१९५७). म्हणजे सगळ्यात खालचा माठ सगळ्यात आधी बांधला! मधलं धरण तब्बल १०२.४ मीटर उंच आहे, साधारण चौतीस मजली इमारतीएवढं.

अप्पर वैतरणेचं पाणी आधी वीजघरातली चक्री फिरवतं, वीज करून देतं आणि मग नदीत उतरतं. तिथून मध्य वैतरणा, तिथून मोडकसागर, आणि मोडकसागरातून बोगद्यांनी आणि भल्यामोठ्या जलवाहिन्यांनी मुंबईला. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याला पंपाने ढकलावं लागत नाही. ते उतारानेच जातं. मुंबईत कुणी नळ सोडला की त्यातलं काही पाणी मोखाड्याची दरी बघून आलेलं असतं.

आता कोड्याकडे. समजा, वरचा माठ आधी रिकामा केला आणि खालचा भरलेलाच ठेवला. जूनमध्ये पाऊस आला. खालच्या धरणाच्या आसपास पडलेलं पाणी कुठे मावणार? धरण भरलेलंच आहे, त्यामुळे ते सांडव्यावरून थेट समुद्रात. वरच्या धरणातलं पाणी मनात येईल तेव्हा खाली आणता येतं, पण खालचं पाणी काही केल्या वर चढत नाही. म्हणून आधी खालच्या धरणात जागा करायची आणि वरचं पाणी शेवटपर्यंत राखून ठेवायचं.

छान! पण खरी नदी माठाएवढी सरळ नसते. खालचं धरण अगदी तळापर्यंत उपसता येत नाही. पाणी आत घ्यायची तोंडं ठरावीक उंचीवर असतात. त्यांच्याखाली उरतो तो मृतसाठा, गाळासकट. शिवाय वरून पाणी सोडलं तर ते कोरड्या पात्रातून येतं. वाटेतले डोह भरल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. रोज थोडं थोडं सोडून मध्ये बंद केलं तर दर वेळी डोह आणि रेती आपला वाटा आधी घेणार. ऊनही वाफ करून पाणी पळवणार, ते वेगळंच. त्यामुळे किती सोडायचं, कधी सोडायचं आणि किती वेळ सोडत राहायचं, याचा हिशोब रोज करावा लागतो.

हिशोबाची गंमत तुम्हीही करून बघा. मुंबईला पाणी देणारे तलाव सात. ही तीन धरणं, शिवाय भातसा, तानसा, विहार आणि तुळशी. सगळ्यांत मिळून पाणी मावतं १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज पुरवलं जातं सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर. करा भागाकार. जवळजवळ ३७६ दिवस! वर्ष असतं ३६५ दिवसांचं. म्हणजे एवढाले सात तलाव भरूनही जेमतेम अकरा दिवस शिल्लक, आणि त्यातूनच वाफेचं वजा करायचं. म्हणूनच दर वर्षी १ ऑक्टोबरला, पावसाळा सरल्यावर, तलावांत किती पाणी आहे हे बारकाईने पाहतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात तलाव खूप खाली गेले. भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणं राज्य सरकारची, त्यामुळे त्यांतला राखीव साठा सरकारकडे मागावा लागला. ३० मेपासून पुरवठ्यात ५ टक्के कपात झाली, ५ जूनपासून १० टक्के. पाऊस चांगला झाल्यावर २९ जुलैला ती उठली. दहा टक्के कपातीचा अर्थ सोपा आहे. दहा दिवस काटकसर केली की एका दिवसाचं पाणी वाचतं. हीच कपात १ मार्चला सुरू केली तर जूनअखेरपर्यंत बारा दिवसांचं पाणी हाताशी राहतं, ५ जूनला केली तर अडीच दिवसांचं. मला विचाराल तर मार्चच बरा. पण मार्चमध्ये तलाव भरल्यासारखे दिसतात आणि नळ कमी केलेला कुणालाच आवडत नाही!

आता मान वर करा आणि पुन्हा सूर्यमाळकडे बघा. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूरच्या जवळजवळ चौपट. तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. बायका आणि मुली डोक्यावर हंडे घेऊन दरीतल्या झऱ्याशी उतरतात. खाली धरणात पाणी चमकत असतं, पण पाडा वर असतो. एका हंड्यात पंधरा लिटर पाणी, म्हणजे पंधरा किलो वजन. ते घेऊन चढण चढायची. पंपाने चढवायचं तर रोज वीज हवी, पाइप हवा आणि दुरुस्ती करणारा माणूस हवा.

मग पडलेला पाऊस जातो कुठे? इथला दगड काळा बेसॉल्ट, मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी मुरण्याआधीच घसरून दरीत जातं. वैतरणेचे माठ भरतात ते याच घसरलेल्या पाण्याने.

त्याला वरच अडवायचा एक स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि वाहत्या ओहोळात आडव्या रचायच्या. गावातली माणसं जमली तर एका दिवसात होतो. वेळ मात्र अचूक साधावी लागते. फार लवकर रचला तर परतीचा पाऊस वाहून नेणार, फार उशिरा रचला तर ओहोळ आटलेला. पाऊस थांबला आणि ओहोळ अजून खळखळतोय, असे थोडेच दिवस मिळतात, मुंबईत तलावांची मोजणी होते त्याच सुमाराचे. मागे साचलेलं पाणी हळूहळू मुरतं, आजूबाजूच्या विहिरी आणि झरे थोडे जास्त दिवस टिकतात, गुरांना पाणी मिळतं, कुठे भाजीचा वाफा निघतो. जूनमध्ये पहिला लोंढा आला की गोण्या वाहून जातात, आणि पावसाळा संपला की पुन्हा नव्या भरायच्या.